वरच्या विभागाची पायरी

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत पाऊस लागला की क्रिकेटची मैदाने बुडतात आणि पोरांना फुटबॉल आठवतो. एरवी इथे टेनिस बॉलचे क्रिकेट आणि कबड्डी यांचेच राज्य. जुलै-ऑगस्टच्या चिखलात मात्र कोंडाळे करून, निम्मे अनवाणी, चेंडूमागे धावणारी मुले दिसतात. याच दिवसांत शाळांच्या सुब्रतो चषकाच्या फेऱ्या असतात. आधी तालुका, मग जिल्हा, मग विभाग. आमची मुले जिल्ह्याला गेली, पहिल्याच सामन्यात चार गोल खाऊन परत आली. परतीच्या लोकलमध्ये आसनगाव येईपर्यंत कुणी बोलले नाही. उतरताना आठवीतल्या एकाने विचारले, "सर, अब अगला मॅच कब?" मी म्हणालो, "अगले साल."

ते उत्तर मलाच टोचले. चाळीस-पन्नास मिनिटांचा एक खेळ आणि वर्ष संपले. बाद पद्धतीची हीच रीत आहे. आपल्याकडच्या गावोगावच्या चषकांचेही तसेच. जिंकणाऱ्याला ढाल मिळते, हरणाऱ्याला घर, आणि पुढच्या वर्षी दोघे पुन्हा शून्यावर. साखळी स्पर्धेचा हिशेब वेगळा असतो. तिथे सगळे सगळ्यांशी खेळतात, हंगामभर गुण जमा होतात, आणि शेवटी वरचा संघ वरच्या विभागात चढतो, तळाचा खाली उतरतो. गेल्या वर्षीची कमाई या वर्षी पायाखाली राहते. हा साधा वाटणारा नियम आपल्या देशात कसा रुजला आणि तो रुजताना कोणाकोणाची वाट अडवली गेली, ही गोष्ट मुलांना सांगायची म्हणून मी वाचू लागलो. वाचता वाचता ती आपल्याच समाजाच्या एका विसरलेल्या प्रकरणापाशी येऊन थांबली.

सुरुवात आपल्या जवळच्या मुंबईपासून करू. इथे रोव्हर्स चषक १८९१ साली सुरू झाला. ती बाद पद्धतीची स्पर्धा होती आणि पहिली मानकरी होती वूस्टरशायर रेजिमेंटची पलटण. १९०२ मध्ये हारवुड लीग ही साखळी स्पर्धा आली, आणि १९११ मध्ये वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन उभी राहिली. खेळ मुख्यतः गोऱ्या पलटणींचा होता. देशी माणूस बहुधा दोरीबाहेर उभा राहून बघे.

मुंबईचा जीव त्या काळी क्रिकेटमध्ये गुंतलेला होता, आणि तिथे संघ बनत ते जन्मावरून. युरोपियन, पारशी, हिंदू, मुस्लिम, आणि १९३७ पासून उरलेल्यांचा पाचवा संघ. पंचरंगी सामन्यांत आपला संघ जिंकला की मोहल्ल्यात मिठाई वाटली जाई, हे खरे. पण त्या स्पर्धेत कुणी वर चढत नव्हते, कुणी खाली उतरत नव्हते. ज्याची जागा ठरलेली, ती ठरलेलीच. १९४५-४६ च्या हंगामानंतर ती स्पर्धा बंद पडली. मला तिच्याबद्दल फार हळहळ वाटत नाही.

पायऱ्यांची खरी लढाई झाली कलकत्त्यात. तिथली लीग १८९८ साली सुरू झाली तेव्हा त्यात भारतीय क्लबांना प्रवेशच नव्हता. १९११ मध्ये मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असे हरवून आयएफए शील्ड जिंकली. साऱ्या देशात तिचा गाजावाजा झाला, तरी लीगचा दरवाजा लगेच उघडला नाही. १९१४ मध्ये मोहन बागान आणि आर्यन यांना दुसऱ्या विभागात घेतले गेले आणि १९१५ पासून मोहन बागान पहिल्या विभागात खेळू लागला. पण दरवाजा उघडताना साखळी लावून ठेवली होती. पहिल्या विभागात एका वेळी दोनच भारतीय क्लब, असा नियम होता. म्हणजे शिडी आहे, पण वरच्या पायरीवर दोनच माणसांची जागा. तिसऱ्याने कितीही सामने जिंकले तरी त्याने खालीच बसायचे.

१९२४ मध्ये ही साखळी करकरली. ईस्ट बंगाल क्लब, स्थापना १९२०, दुसऱ्या विभागात वर आला. त्याच्या बरोबरीला कॅमेरून हायलँडर्सचा दुय्यम संघ होता, पण त्या पलटणीचा मुख्य संघ आधीच पहिल्या विभागात असल्याने त्यांना बढती घेता येईना. हक्क ईस्ट बंगालचा होता, आड आला तो दोनाचा नियम. बराच वाद झाला, नियम मोडला गेला आणि १९२५ पासून ईस्ट बंगाल वर खेळू लागला. ईस्ट बंगालच्या इतिहासात असे सांगतात की मतदानाच्या वेळी गोऱ्या क्लबांनी त्याला पाठिंबा दिला आणि विरोध केला तो आधीच वर बसलेल्या दोन भारतीय क्लबांनी. हे वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो. आपल्या जमातींच्या कमिट्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना यात नवल वाटणार नाही.

त्या मोकळ्या झालेल्या दरवाजातून पुढे आला मोहमेडन स्पोर्टिंग. या क्लबची मुळे १८८७ च्या जुबिली क्लबपर्यंत जातात, आणि मोहमेडन स्पोर्टिंग हे नाव १८९१ चे. चाळीस वर्षे तो लहानसहान चषकांत आणि खालच्या विभागात राहिला. १९३३ च्या हंगामात तो दुसऱ्या विभागातून वर चढला. वरच्या विभागात तेव्हा डरहॅम लाइट इन्फंट्री सलग तीन वर्षे विजेती होती. नवख्या क्लबने पहिले वर्ष टिकून राहण्यात घालवावे, अशी अपेक्षा. मोहमेडनने १९३४ मध्ये पहिल्याच वर्षी लीग जिंकली. भारतीय क्लबने ती जिंकण्याची ही पहिलीच वेळ. मग १९३५, १९३६, १९३७, १९३८. सलग पाच. १९३६ मध्ये तर शील्डही त्याच वर्षी घेतली.

हे केवळ जोशावर झाले नाही. क्लबच्या कारभाऱ्यांनी बंगालबाहेर नजर टाकली. बंगळूर, हैदराबाद, थेट वायव्य सरहद्दीपर्यंतचे खेळाडू आणले. समदसारखा चेंडूचा जादूगार त्यांच्याकडे होता. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे बूट. बंगालचे भारतीय खेळाडू अनवाणी खेळत. कोरड्या मैदानावर ते भारी पडत, पण लीग ऐन पावसात रंगे आणि चिखलात बुटवाल्या पलटणी त्यांना घसरवून टाकत. मोहमेडनने आपल्या खेळाडूंना ओल्या मैदानावर बूट घालून खेळायची सवय लावली. आमच्या पोरांचे पाय चिखलात सटकताना पाहतो तेव्हा ही गोष्ट हटकून आठवते. अर्थात त्याच क्लबचा महंमद सलीम १९३६ मध्ये स्कॉटलंडच्या सेल्टिक क्लबकडून पायांना पट्ट्या बांधून अनवाणीच खेळला आणि तिथल्या लोकांनी तोंडात बोटे घातली, हेही सांगायला हवे.

विजयांबरोबर राजकारणही चिकटले. क्लबच्या नावामुळे कुणी त्याला आपल्या झेंड्याखाली ओढले, कुणी दूर ढकलले. माझे मत असे की त्या अकरा जणांनी पंचरंगी संघांसारखी राखीव जागा मागितली नव्हती. गुणतक्त्यावर ते दुसऱ्या विभागातून चढून आले होते.

त्याच काळात कूपरेजच्या मैदानावर मुंबईनेही हे पाहिले. १९३७ च्या रोव्हर्सच्या अंतिम सामन्यात बंगळूर मुस्लिम्सने मोहमेडनला १-० ने हरवले. रोव्हर्स जिंकणारा तो पहिला भारतीय संघ. १९४० मध्ये पुन्हा तेच दोन संघ समोरासमोर आले आणि यावेळी मोहमेडनने १-० ने परतफेड केली. त्याच वर्षी दिल्लीत रॉयल वॉरविकशायर रेजिमेंटला नमवून त्यांनी ड्युरँड चषकही घेतला.

फाळणीने क्लबचे खेळाडू आणि आश्रयदाते विखुरले. समद पूर्व पाकिस्तानात गेला. लीग मात्र अधूनमधून हाती येत राहिली. १९४८, १९५७, १९६७, १९८१. पुढे चाळीस वर्षे शुकशुकाट. २०२१ मध्ये ती पुन्हा जिंकली, मग २०२२ आणि २०२३ मध्येही. ६ एप्रिल २०२४ रोजी शिलाँग लाजाँगला २-१ ने हरवून मोहमेडनने आय-लीग पटकावली आणि इंडियन सुपर लीगमध्ये बढती मिळवली. १९३३ नंतरची त्याची ही मोठी चढण.

पुढची गंमत शिक्षकाला लगेच कळेल. २०२४-२५ च्या हंगामात मोहमेडन सुपर लीगच्या तळाला राहिला, पण खाली उतरला नाही, कारण तिथे उतरण्याचा नियम लागू नव्हता. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत कुणाला मागे ठेवायचे नाही असे ठरवले होते. २०१९ च्या दुरुस्तीने राज्यांना मोकळीक दिली. शाळेत ढकलपास असावे की नसावे यावर आम्ही स्टाफरूममध्ये तासन्‌तास भांडतो. मुलाच्या बाबतीत मी त्याला सोबत न्यावे या बाजूचा आहे. फुटबॉल क्लबाच्या बाबतीत नाही. वरचा उतरत नसेल तर खालच्याला जागा कुठून होणार? हा दोनाच्या नियमाचाच सभ्य अवतार आहे.

खालच्या पायऱ्यांवर मात्र घसरण खरीखुरी असते. कूपरेजवर खेळणारा मुंबईचा केंकरे क्लब २०२२-२३ मध्ये आय-लीगमधून खाली गेला. २०२३ पासून आय-लीगच्या खाली आणखी एक स्तरही आला आहे आणि राज्यांच्या लीगमधले क्लब तिथून वर येऊ शकतात. मुंबईच्या जिल्हा लीगमध्येही एकाखाली एक विभाग आहेत.

हे सगळे मी फळ्यावर शिडी काढून सांगितले. पायऱ्या मोजून झाल्यावर त्याच आठवीतल्या पोराने खडू मागितला आणि सर्वांत खालच्या पायरीच्याही खाली एक रेघ मारून विचारले, "सर, और यहाँ शहापूर?" मी त्या रेघेपासून पहिल्या पायरीपर्यंत तुटक रेषा काढली. तेवढ्यात घंटा झाली.