ट्रान्झिट रिमांडचं कूळ

पुण्याच्या कोर्टाचं जुनं वॉरंट घेऊन एखादा फौजदार बेंगळूरुला उतरला आणि हवा असलेला माणूस त्याला मल्लेश्वरममध्ये सापडला, तरी त्याला बखोटीला धरून थेट यशवंतपूर स्टेशनात नेता येत नाही. आधी स्थानिक ठाणं गाठायचं आणि वॉरंटवर तिथल्या अधिकाऱ्याचा शेरा घ्यायचा. तेवढ्यात माणूस निसटेल अशी भीती असेल, तरच शेऱ्यावाचून अटक चालते. वॉरंट किती जुनं आहे याने काही बिघडत नाही. बजावणी होईपर्यंत किंवा कोर्टाने रद्द करेपर्यंत ते जिवंतच असतं. अटकेनंतर आरोपीला बेंगळूरुच्याच मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं आणि मग पुण्याची वाट धरायची. वॉरंट नसून नुसता गुन्हा दाखल असेल, तर प्रवासापुरती कोठडी मागून घ्यायची. वकील-पोलीस तिला ट्रान्झिट रिमांड म्हणतात. फौजदारी प्रक्रियेच्या संहितेत मात्र हे नाव कुठेच नाही.

एकाच देशात एवढे सोपस्कार कशाला, याचं उत्तर बेंगळूरुच्या जुन्या नकाशात सापडतं. १८८१ साली इंग्रजांनी मैसूरचं राज्य वडियारांना परत केलं, पण बेंगळूरुची छावणी स्वतःकडे ठेवली. मल्लेश्वरम महाराजांच्या हद्दीत होतं. कब्बन पार्कच्या एका अंगाला महाराजांचे पोलीस आणि कोर्टं, दुसऱ्या अंगाला इंग्रज रेसिडेंटची. घोड्याच्या जटक्यात बसून माणूस तासाभरात दुसऱ्या अंमलात जाई. ही शहरातली सरहद्द २६ जुलै १९४७ला, स्वातंत्र्याच्या जेमतेम तीन आठवडे आधी, मिटली.

मैसूरचा आरोपी बेळगाव-धारवाडकडे, म्हणजे इंग्रजांच्या खालसा मुलखात, पळाला की खरं प्रत्यार्पण सुरू होई. त्यासाठी १९०३चा कायदा होता. संस्थानातल्या इंग्रज सरकारच्या प्रतिनिधीने, मैसूरच्या बाबतीत रेसिडेंटने, त्या जिल्ह्याच्या मॅजिस्ट्रेटच्या नावे वॉरंट काढायचं. मॅजिस्ट्रेटने माणूस धरून संस्थानाच्या हवाली करायचा. कोणत्या गुन्ह्यांसाठी हवाली करायचं, याची यादी कायद्याच्या शेवटी जोडलेली होती. युरोपियन ब्रिटिश प्रजाजन या वॉरंटातून वगळलेले होते, हे सांगायला नकोच.

असल्या सरहद्दींचा फायदा आपल्याकडेही घेतला गेला. इंग्रजांविरुद्ध सातारा भागात उभ्या राहिलेल्या प्रतिसरकारच्या कार्यकर्त्यांचं कुंडल औंध संस्थानात होतं. इंग्रजी हद्दीतून सटकलेल्या भूमिगताला ते जवळ पडे.

संस्थानं विलीन झाली, तरी कायद्याला ते कळायला वेळ लागला. टोंक संस्थानात काम केलेल्या एका अधिकाऱ्याला खंडणी आणि फसवणुकीच्या आरोपांवरून नैनीतालला अटक झाली. टोंकशी १८६९ साली झालेल्या तहात हे गुन्हेच नाहीत, अशी त्याची तक्रार. १९५० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की टोंक राजस्थानात विलीन झालं, तेव्हा तो तह आता लागू करता येत नाही; १९०३चा कायदा मात्र चालतो. संस्थान गेलं, तह गेला, आणि प्रत्यार्पणाचा कायदा मात्र घरात बसून होता! मला या सगळ्या कथेतला हा टप्पा सर्वांत गमतीचा वाटतो.

१ एप्रिल १९५१ला फौजदारी संहिता मैसूरसारख्या राज्यांनाही लागू झाली आणि प्रत्यार्पणाची जागा साध्या वॉरंटाने घेतली. १८९८च्या त्या संहितेत एक अंतर होतं: वॉरंट काढणारं कोर्ट अटकेच्या जागेपासून २० मैलांत नसेल, तर आरोपीला आधी तिथल्या अधिकाऱ्यापुढे न्यायचं. १९७३च्या संहितेत त्याचे ३० किलोमीटर झाले. शिवाय अजामीनपात्र गुन्ह्यातही, कागदपत्रं पाहून, तिथल्या सत्र न्यायाधीशाला जामीन देण्याची मुभा मिळाली.

मधला मॅजिस्ट्रेट म्हणजे नुसता शिक्का मारणारा कारकून नव्हे, याची आठवण २०१८ साली दिल्लीत झाली. २८ ऑगस्टला पुणे पोलिसांनी कार्यकर्ते गौतम नवलखा यांना तिथे अटक केली आणि साकेतच्या कोर्टाकडून ट्रान्झिट रिमांड घेतला. एफआयआरसह बहुतेक कागद मराठीत होते. ते मॅजिस्ट्रेटला कळले कसे आणि समाधान कशावरून झालं, असा प्रश्न दिल्ली उच्च न्यायालयाने विचारला आणि १ ऑक्टोबरला तो रिमांड रद्द केला.

आरोपीच्या बाजूनेही याला एक जोड आहे, ट्रान्झिट अटकपूर्व जामिनाची: गुन्हा परराज्यात नोंदला असला, तरी आपण असू तिथल्या कोर्टाकडून मागायच्या जामिनाची. २० नोव्हेंबर २०२३ला सर्वोच्च न्यायालयाने बेंगळूरुच्याच एका प्रकरणात तो मान्य केला. पण मर्यादित मुदतीचा, आणि जिथे गुन्हा नोंदला तिथल्या सरकारी वकिलाला नोटीस देऊन. त्या प्रकरणात गुन्हा राजस्थानातल्या चिरावा इथला होता. बेंगळूरुच्या कोर्टाने दिलेला जामीन रद्द झाला, मात्र चार आठवडे अटक करायची नाही असं ठरलं. तेवढ्या मुदतीत आरोपीने चिराव्याचं कोर्ट गाठायचं होतं.