वळचणीच्या फळ्या बदलताना

मंगळुरी कौलांच्या जुन्या घरांना शोभा येते ती वळचणीच्या कडेला लावलेल्या लाकडी झालरीमुळे. गिरगावातील खोताच्या वाडीत आणि कोकणातील अनेक घरांत अशा कोरीव फळ्या आजही दिसतात. मात्र ही फळी केवळ शोभेची नाही. वाशांची उघडी टोके झाकणे आणि पन्हळीला आधार देणे हे तिचे खरे काम. ती कुजली की ओल वाशांत शिरते आणि किरकोळ दुरुस्तीचे रूपांतर छपराच्या मोठ्या खर्चात होते.

कुजण्याचे कारण

पालापाचोळ्याने तुंबलेली पन्हळ, सरकलेले कौल आणि गंजलेले खिळे ही नेहमीची कारणे होत. ती दूर न करता फळी बदलल्यास नवी फळीही लवकरच कुजते. रंगाचे पोपडे दिसले की तेथे स्क्रू-ड्रायव्हर टोचून पाहावा. तो सहज आत गेल्यास लाकूड निकामी झाले, असे समजावे.

बदलण्याची पद्धत

हे काम पावसाळ्यापूर्वी, लाकूड कोरडे असताना करावे. कौलांची खालची ओळ उतरवून फळी काढल्यावर वाशांची टोके तपासावीत. कुजलेला वा वाळवी लागलेला भाग कापून तेथे नवा तुकडा सांधावा. नवी फळी पक्क्या वाळलेल्या सागाची असावी. बसवण्यापूर्वीच तिच्या मागच्या बाजूला आणि कापलेल्या टोकांनाही प्रायमर लावावा, कारण ओल बहुधा तेथूनच शिरते. दोन फळ्यांचा सांधा वाशाच्या टोकावरच घ्यावा व न गंजणारे स्क्रू वापरावेत. झालर कोरीव असल्यास तिचा एक धड तुकडा सुताराला नमुन्यासाठी द्यावा. पीव्हीसीच्या पट्ट्यांना रंग लागत नाही. मात्र कुजक्या फळीवरच त्या ठोकल्यास ओल आत कोंडते.

ही काळजी घ्या

जुन्या तैलरंगात शिसे असू शकते. घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा दहा लाखांत ९० भाग इतकी कमी करणारे नियम २०१६ मध्ये अधिसूचित झाले. त्यामुळे जुना रंग कोरडा घासू नये. तो ओला करून खरवडावा, नाकावर योग्य मास्क लावावा आणि मुलांना दूर ठेवावे. घर वारसा यादीत असल्यास दुरुस्तीपूर्वी महापालिकेकडे परवानगीची चौकशी करावी.