उत्पादन-उपरिव्यय
उत्पादन-उपरिव्यय : कारखान्याचा जो खर्च कोणत्याही एका नगावर थेट टाकता येत नाही, तो खर्च. त्याचे स्वरूप प्रथम ओळखणाऱ्यांत इंग्लंडमधील स्टॅफर्डशर परगण्यातील मृत्पात्रीनिर्माता जोसाया वेजवुड (१७३०–९५) याची गणना होते. १७७२ च्या पतसंकटात मागणी घटताच त्याने खर्चाची छाननी केली. भाडे, साचे, हिशेबनीस इत्यादींवरील खर्च माल थोडा निघो वा पुष्कळ, जवळजवळ तेवढाच राहतो, असे त्यास आढळले. अर्थात उत्पादन घटविल्यास प्रत्येक नगावरील भार वाढतो व वाढविल्यास हलका होतो. म्हणून फुलदाण्यांची किंमत उतरवून त्या उमरावांऐवजी मध्यमवर्गास मोठ्या प्रमाणावर विकण्याचा विचार त्याने मांडला. मात्र माल न खपल्यास हा लाभ केवळ हिशेबातच राहतो.