तांडीनंतरचे ३६५ किलोमीटर : कॅम्परच्या इंधनाचा हिशेब

मनालीहून लेहकडे जाताना लाहौलमध्ये तांडी येथे पेट्रोल पंप लागतो. पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याचे सांगणारा तेथील फलक अनेक वर्षे प्रवाशांच्या छायाचित्रांचा विषय ठरला. साध्या मोटारीला एवढे अंतर फारसे जड जात नाही. छतावर तंबू आणि पोटात पलंग, शेगडी, पाण्याची टाकी वागवणाऱ्या फोर व्हील ड्राइव्ह कॅम्परचे मात्र तसे नाही. ६० लिटरच्या टाकीत लिटरमागे ८ किलोमीटर मिळाले, तर गाडी ४८० किलोमीटर जाईल. ६ च मिळाले, तर ३६० वर थांबेल. यांपैकी आपला आकडा कोणता, हे घर सोडण्यापूर्वीच ठाऊक असावे लागते.

कंपनीने जाहीर केलेले ॲव्हरेज येथे उपयोगाचे नाही. ते प्रयोगशाळेतील चाचणीचे असते आणि त्या गाडीत संसार भरलेला नसतो. खात्रीची पद्धत जुनीच आहे. टाकी पूर्ण भरावी, किलोमीटर लिहावेत, पुन्हा पूर्ण भरून भागाकार करावा. गाडी सपाट जागी उभी असावी आणि नोझल आपोआप बंद होताच भरणे थांबवावे. तरीही लिटरभराचा फरक राहतोच. ५० लिटरमध्ये तो २ टक्के असतो, १० लिटरमध्ये १० टक्के. म्हणून तीन-चार वेळच्या भरण्यांचे एकूण किलोमीटर एकूण लिटरांनी भागावेत.

खरी फसगत टायरमुळे होते. २३५/७० आर १६ मापाच्या जागी २४५/७५ आर १६ चढवले, तर चाकाचा व्यास सुमारे ५ टक्क्यांनी वाढतो आणि मीटर तेवढेच कमी अंतर दाखवतो. मीटरवरचे ४०० म्हणजे प्रत्यक्षात ४२० किलोमीटर. महामार्गावरील मैलाच्या दगडांशी किंवा जीपीएसशी ५० किलोमीटरचे अंतर ताडून पाहिले, की ही चूक हाती लागते. ती न सुधारता 'मोठ्या टायरांनी ॲव्हरेज घालवले' असा निष्कर्ष काढणारे थोडे नाहीत. जड टायर इंधन खातात हे खरे, पण मीटर सांगतो तेवढे नव्हे.

डांबरी रस्ता, घाट आणि कच्चा मार्ग यांच्या नोंदी वेगळ्या ठेवाव्यात. लो रेंजमध्ये खडकांतून रांगणाऱ्या गाडीला लिटरमागे किती किलोमीटर हे विचारण्यात अर्थ नाही. तेथे ताशी किती लिटर हे पाहावे. गाडी उभी असतानाही खर्च चालूच राहतो. मुख्य टाकीतून डिझेल घेणारा केबिन हीटर ताशी साधारण १०० ते २५० मिलिलिटर जाळतो, म्हणजे दहा तासांच्या रात्रीत एक ते अडीच लिटर.

उंचीचा परिणाम दुहेरी असतो. ५,३२८ मीटरवरील तांगलांग लावर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्केच उरते. टर्बो नसलेले इंजिन तेथे दमते आणि चढ खालच्या गिअरमध्ये काढावा लागतो. याउलट पांगनंतरच्या मोरे मैदानावर त्याच विरळ हवेचा अडथळा चौकोनी कॅम्परला कमी होतो आणि वहीतला आकडा अनपेक्षितपणे सुधारलेला दिसतो. त्यावर विसंबून पुढच्या चढाचा हिशेब करू नये.

सर्वाधिक विसरली जाते ती कॅनमधून ओतलेल्या इंधनाची नोंद. वाटेत ओतलेले २० लिटर वहीत आले नाहीत, तर लेहला पोहोचल्यावर ॲव्हरेज विलक्षण दिसते आणि परतीच्या वाटेवर टाकी अवेळी रिकामी होते.