न उठलेला बिट

पूर्णा जंक्शन आपल्या परभणी जिल्ह्यातल्या मुलांना नवे नाही. एकेरी लोहमार्गावर स्टेशनमास्तरांजवळ ब्लॉक यंत्र असते. पलीकडच्या स्टेशनातून घंटेचा एक ठोका पडला की अर्थ एवढाच, इकडे लक्ष द्या. मार्ग मोकळा आहे की गाडी निघाली आहे, ते यंत्रावरचा काटा सांगतो. संगणकात फ्लॉपी सांभाळणाऱ्या चिपचे कामही असेच चालते. तिथे घंटेला इंटरप्ट म्हणतात आणि काट्याच्या जागी स्टेटस रजिस्टर असते.

ही घंटा तशी जुनी. १९५४ सालच्या डायसिॲक या अमेरिकन संगणकात बाहेरची उपकरणे चालू कामात मध्येच हाक देऊ शकत. अशी सोय नसेल तर प्रोसेसरला 'झाले का, झाले का' असे विचारत बसावे लागते.

१९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीत फ्लॉपीसाठी एनईसी कंपनीने तयार केलेली ७६५ ही चिप होती. तिच्या मुख्य स्टेटस रजिस्टरमध्ये आठ बिट. मोजणी शून्यापासून करायची. सातवा बिट १ झाला की चिप देवाणघेवाणीला तयार. सहावा माहितीची दिशा सांगतो. चौथा म्हणजे काम चालू आहे. वाचन किंवा लेखन संपले की चिप इंटरप्ट देते. मग प्रोसेसरने निकालाचे सात बाइट वाचायचे; पहिला वाचताच घंटा थांबते. डोके दुसऱ्या मार्गिकेवर नेण्याच्या आज्ञेला मात्र असा निकालच नाही. तिथे 'घंटा का वाजवलीस?' असे वेगळ्या आज्ञेने विचारावे लागते. नव्याने प्रोग्राम लिहिणारे हमखास इथेच अडकत.

खरी गोष्ट निकालातल्या एका बिटाची आहे. १.४४ मेगाबाइटच्या फ्लॉपीवर लिहिताना दर १६ मायक्रोसेकंदांना एक बाइट चिपच्या हाती पडावा लागतो. तो वेळेत आला नाही, तर निकालातल्या दुसऱ्या बाइटमधला चौथा बिट १ व्हायला हवा. पण या जातीच्या काही चिपमध्ये एक खोट निघाली. उशीर सेक्टरच्या अगदी शेवटच्या बाइटला झाला, तर तो बिट उठतच नसे. चुकीचा बाइट लिहिला जाई, पडताळणीचा आकडाही त्याच चुकीच्या बाइटवरून काढला जाई आणि घंटा वाजून निकाल येई, सर्व ठीक! नंतर वाचतानाही शंका यायला जागा नाही. आमच्या मते बंद पडणाऱ्या यंत्रापेक्षा असे यंत्र अधिक वाईट.

हे प्रकरण अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात न्यायालयात गेले. लॅपटॉपमधल्या अशाच चिपवरून तोशिबा कंपनीने ऑक्टोबर १९९९ मध्ये सुमारे २१० कोटी डॉलरची तडजोड मान्य केली. प्रत्यक्ष नुकसान झाल्याची एकही तक्रार आपल्याकडे आलेली नाही, असे कंपनीचे म्हणणे होते. ते खरेही असेल; पण न उठलेल्या बिटाची तक्रार करणार तरी कोण? तडजोडीत ग्राहकांना ही खोट दुरुस्त करणारे सॉफ्टवेअरही देण्यात आले.