बेलकूरचे मास्तर

मोठा मान मिळाला, म्हणजे त्या गलबल्यांत प्राथमिक शाळेंतील मास्तरांची आठवण क्वचितच कोणाला होते. फ्रेंच साहित्यिक आल्बेर काम्यू यांना १९५७ च्या ऑक्टोबरांत नोबेल पारितोषिक जाहीर झालें, तेव्हां आईच्या पाठोपाठ त्यांना आठवले ते लुई जेर्मां हे त्यांचे मास्तर. १९ नोव्हेंबर रोजीं त्यांनीं मास्तरांना एक लहानसें पत्र लिहून आपल्या यशाचें सारें श्रेय त्यांच्या पदरांत घातलें. शाळा सुटून तेव्हां तेहेतीस वर्षें झालीं होतीं.

हें ऋण कसलें होतें? काम्यूंचा जन्म १९१३ सालचा, फ्रेंचांच्या ताब्यांतील अल्जीरियांतला. पुढच्याच वर्षीं मार्नच्या लढाईंत जखमी होऊन वडील वारले. अल्जीयर्स शहरांतील बेलकूर या कष्टकऱ्यांच्या वस्तींत, आजीच्या करड्या अमलाखालीं, दोघे भाऊ वाढले. आईला ऐकूं कमी येई, लिहितां-वाचतां येत नसे. लोकांच्या घरचीं कामें करून ती पोट भरी. अशा घरांतील मुलानें प्राथमिक शाळा संपतांच कमवावयास लागावें, हाच रिवाज. आजीचा बेतहि तोच होता.

जेर्मां स्वतः त्या महायुद्धांत लढलेले. रणांत पडलेल्यांच्या मुलांविषयीं त्यांना विशेष जिव्हाळा. त्यांनीं आजीची समजूत घातली, शिकवणीचा मोबदला न घेतां मुलाची तयारी करून घेतली, आणि १९२४ सालीं शिष्यवृत्ति मिळवून आल्बेर माध्यमिक शाळेंत गेला. एका मुलाचें आयुष्य एका मास्तरांच्या कळकळीवर अवलंबून असावें, हें त्या राज्यव्यवस्थेचें वैगुण्यच म्हटलें पाहिजे. तेथील बहुसंख्य अरब मुलांना तर शाळेचें दर्शनहि होत नसे.

मास्तरांचें ३० एप्रिल १९५९ चें पत्र उपलब्ध आहे. पंचेचाळीस वर्षांच्या नोबेल-विजेत्याला ते त्यांत 'बाळ' म्हणूनच हांक मारतात. उपकारांची उजळणी मात्र ते करीत नाहींत. सत्य स्वतः शोधण्याचा मुलाचा हक्क आपण पवित्र मानला, आपल्या मतांचें ओझें कोंवळ्या मनांवर पडूं दिलें नाहीं, एवढेंच समाधान ते नोंदवितात. आजीचें मन वळविणाऱ्या या मास्तरांनीं मुलांचीं मनें आपल्या मताकडे वळविण्याचें कटाक्षानें टाळलें. त्यांचें मोठेपण येथें आहे.

शिष्यानें स्वीडनमधील आपल्या भाषणांचें पुस्तक गुरूस अर्पण केलें. ४ जानेवारी १९६० रोजीं मोटार-अपघातांत काम्यूंचा अंत झाला. त्यांच्याजवळच्या पिशवींत एका अपुऱ्या कादंबरीचीं १४४ हस्तलिखित पानें सांपडलीं. तींत एक प्रसंग आहे : १९४५ सालीं लष्करी डगला घातलेला एक वृद्ध शिपाई पॅरिसमध्यें नायकाच्या दाराची घंटा वाजवितो, पाहावें तों ते त्याचे लहानपणचे मास्तर! हिटलरशीं लढण्यासाठीं ते पुन्हां सैन्यांत शिरलेले असतात.

ही कादंबरी 'पहिला माणूस' या अर्थाच्या नांवानें १९९४ सालीं प्रसिद्ध झाली. तिच्या शेवटीं शिष्याचें तें लहानसें पत्र आणि मास्तरांचें १९५९ चें पत्र हीं दोन्हीं छापलेलीं आहेत.