पेरू चाळीच्या बाजारातला गणपती



आपलं दशलक्षण पर्व गणपतीच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतं आणि अनंत चतुर्दशीला दोन्हींची सांगता होते. म्हणून आज लालबागच्या राजाची गोष्ट.

१९३२ साली पेरू चाळीतला बाजार बंद झाला. मासळीवाल्या कोळणी, फेरीवाले उघड्यावर आले. मी कॉमर्सवाली, म्हणून सांगते : हातावर पोट असणाऱ्याला बसायला जागाच नसेल, तर जमाखर्च कसला मांडायचा? त्यांनी कायमच्या जागेसाठी गणपतीला नवस केला, पण खटपटही सोडली नाही. जागामालकांनी बाजारासाठी जागा दिली. १२ सप्टेंबर १९३४ ला गणपती बसला, तोही कोळ्याच्या वेशात! म्हणजे उद्याची धास्ती घेतलेल्या माणसांनी देवाला आपलंच रूप दिलं.

नवसाबद्दल आपला कर्मसिद्धांत वेगळं सांगतो. पण सगळ्यांनी वर्गणी काढायची, मंडप सजवायचा, आणि एवढी देखणी मूर्ती शेवटी गिरगाव चौपाटीवर पाण्यात सोडायची, हे पाहिलं की मला आपल्या बारा भावनांतली पहिली, अनित्य भावना आठवते.

२०२० मध्ये कोरोना आला. मंडळाने मूर्तीच बसवली नाही. त्याऐवजी आरोग्योत्सव केला. लोकांनी रक्तदान, प्लाझ्मादान केलं. मूर्ती नव्हती, तरी माणसं एकमेकांसाठी उभी राहिली. मला वाटतं, १९३४ सालीही खरं बळ तेच होतं.

यंदा क्षमावाणीला शेजारच्या मंडळातल्या बायकांनाही आवर्जून भेटूया.